मंत्रचळाची गोळी सुरू झाल्यावर: पहिले तीन महिने कसे सांभाळावेत

टँकर आठ दिवसांनी येतो अशा घरात एखादी बाई घासून पालथा घातलेला हंडा चौथ्यांदा घासायला घेते, तेव्हा भांडण होते ते पाण्यावरून. आजाराचे नाव कोणी घेत नाही. मराठवाड्यात मंत्रचळ, म्हणजेच ओसीडी हा तीच शंका आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मानसिक आजार, कित्येकदा असा पाण्याच्या हिशेबातून उघडा पडतो. एरवी तो सोवळ्याच्या नावाखाली वर्षानुवर्षे खपून जातो. हंडा स्वच्छ आहे हे त्या बाईला कळत असते, पण हात थांबत नाहीत.

असे का होते, हे घरच्यांनी आधी समजून घ्यावे, म्हणजे ‘मन घट्ट कर’ हा निरुपयोगी सल्ला बंद होईल. डोळ्यांच्या खोबणीवरचा मेंदूचा पुढचा भाग, आत खोलवर असलेले कॉडेट केंद्रक आणि थॅलॅमस यांच्यामध्ये संदेशांचे एक चक्र फिरत असते. कुलूप लावून चार पावले गेल्यावर आपल्या मनात शंका येते आणि विरते, कारण ‘काम झाले’ ही नोंद होते. मंत्रचळात हे चक्र गरजेपेक्षा जास्त तापलेले असते आणि ती नोंद पटतच नाही. आनुवंशिकतेचाही वाटा असतो, विशेषतः आजार लहानपणी सुरू झाला असेल तर. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, फ्लुओक्सेटिनने असो वा वर्तनोपचाराने, ज्यांना गुण आला त्यांच्या कॉडेटमधील वाढलेली क्रियाशीलता कमी झालेली दिसली.

औषधे मुख्यतः सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनावर काम करणारी असतात: फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुव्होक्सामिन, एसिटॅलोप्रॅम. त्यांनी पुरेसा गुण आला नाही, तर क्लोमिप्रामिनचा विचार होतो. ते जुने व परिणामकारक आहे, पण तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठता होते आणि ईसीजीवर लक्ष ठेवावे लागते. याच गोळ्या उदासीनतेवरही देतात, मात्र मंत्रचळाला मात्रा सहसा जास्त लागते आणि वेळही जास्त लागतो. सर्ट्रालिन ५० मिलिग्रॅमपासून हळूहळू २०० पर्यंत नेले जाते, आणि पुरेशा मात्रेवर आठ ते बारा आठवडे काढल्याशिवाय ‘गोळी लागू पडली नाही’ असे म्हणता येत नाही.

माझ्या मते उपचार फसतात ते इथेच. पहिल्या पंधरवड्यात मळमळ, डोकेदुखी, झोपेची गडबड होते, गुण मात्र दिसत नाही, आणि पाकीट कपाटात जाते. मळमळ होत असल्यास गोळी जेवणानंतर घ्यावी. मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते. रुग्ण पंचविशीच्या आतला असेल आणि सुरुवातीच्या आठवड्यांत फार अस्वस्थ झाला किंवा मरणाची भाषा करू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे. अंगदुखीसाठी गावात कोणाकडे गेलात, तर ही गोळी चालू असल्याचे आधी सांगावे, कारण ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकाशी तिचा धोकादायक संयोग होऊ शकतो.

घरच्यांनी एक वही घालावी आणि रोज किती बादल्या पाणी गेले, तेवढेच लिहावे. डॉक्टर लक्षणांना ४० पैकी गुण देतात (त्रास जास्त तितके गुण जास्त) आणि त्यात साधारण ३५ टक्के घट झाली, तर चांगला प्रतिसाद मानतात. बारा बादल्यांवरून सात, हाही त्याचाच घरगुती अंदाज. लक्षणे पूर्ण जात नाहीत म्हणून हिरमुसू नये. गोळीच्या जोडीला, हंडा एकदाच घासून उरलेली बेचैनी सोसण्याचा सराव प्रशिक्षित व्यक्तीकडून शिकावा. त्या काळात ‘झाला का गं स्वच्छ?’ या प्रश्नाला वारंवार ‘हो’ म्हणणेही घरच्यांनी हळूहळू थांबवावे.

मानसोपचार विभाग संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात आणि अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आहेत. जाणे लगेच जमत नसेल तर १४४१६ या टेलि-मानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर मोफत बोलता येते. बरे वाटल्यानंतरही गोळी किमान एक-दोन वर्षे चालते. ती एकदम तोडल्यास चक्कर, चिडचिड होते आणि आजार परतण्याची शक्यता वाढते, म्हणून मात्रा डॉक्टरांच्याच सांगण्यावरून काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने उतरवावी. वही तेव्हाही चालू ठेवावी, आणि बादल्या पुन्हा वाढू लागल्या की त्याच आठवड्यात दाखवायला जावे.