ब्रिकेटच्या लाईनमध्ये येताय? आधी ओल मोजायला शिका

जुलैतली गोष्ट. कागलच्या बाजूला एका ब्रिकेट कारखान्यात, म्हणजे भुसा-काडीकचरा दाबून जळणाच्या कांड्या करतात तिथं, मी नुकताच सुपरवायझर म्हणून लागलो होतो. इचलकरंजीच्या एका कापड प्रोसेस हाऊसला दहा टन माल निघाला. ताडपत्री एका कोपऱ्यात फाटलेली मला दिसली होती, पण 'तासाभराचा तर रस्ता' म्हणून मी गाडी सोडली. हुपरीच्या पुढे पावसानं गाठलं. फाळका उघडला तर मागच्या कांड्या फुगून पुन्हा भुसा झालेल्या. बॉयलरवरचे फायरमन मामा मूठभर लगदा उचलून म्हणाले, "बाळ, हे म्हशीला घालायचं का बॉयलरला?"

मेकॅनिकल डिप्लोमाच्या तीन वर्षांत जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते त्या वाक्यात शिरलं. आता कॉलेजची पोरं विचारतात, 'दादा, ह्यात स्कोप आहे का?' स्कोप आहे. पण ओल कळत नसेल तर नाही.

माल तसा साधा. लाकडाचा भुसा, शेंगांची टरफलं, बगॅस म्हणजे उसाचा चोथा, सोयाबीनचं भुसकट वाळवायचं, हॅमर मिलमध्ये बारीक करायचं आणि रॅमनं (दट्ट्यानं) डायमधून (साच्यातून) ठोसून काढायचं. डिंक नाही, डांबर नाही. दाबानं आणि उष्णतेनं काडीकचऱ्यातलंच लिग्निन मऊ होतं आणि तेच चिकटवतं. बाहेर पडते ९० मिलिमीटर जाडीची तपकिरी कांडी, आणि बाजारात तिला म्हणतात पांढरा कोळसा! रंगाचा हा घोळ कुणी घातला देव जाणे.

एवढा खटाटोप कशाला? सुटा भुसा गाडीत भरून बघा. गाडी शिगोशीग दिसते आणि काट्यावर वजन हसण्यासारखं येतं. ब्रिकेट केली की तेवढ्याच जागेत तीन-चार पट वजन बसतं, भट्टीत टाकायलाही सोपं जातं. दुसरा फायदा राखेचा. आपल्याकडच्या दगडी कोळशात ३० ते ४० टक्के राख असते. स्वच्छ भुशाच्या ब्रिकेटमध्ये ती दोन-चार टक्क्यांवर असते आणि गंधक नावालाच. उष्मांक किलोला साधारण ३,५०० ते ४,२०० किलोकॅलरी, म्हणजे हलक्या प्रतीच्या कोळशाच्या तोडीचा. जळताना जो कार्बन निघतो तो झाडानं किंवा पिकानं हवेतूनच घेतलेला असतो, आणि पुढचं पीक तो पुन्हा ओढून घेतं. पण दोनशे किलोमीटरवरून कच्चा माल आणलात तर डिझेलच त्यातला बराच फायदा खाऊन टाकतं. ग्राहकाला 'शंभर टक्के हिरवं' असलं काही सांगायला जाऊ नका.

आता ओलीकडे. डायमध्ये जाणारा माल ८ ते १२ टक्के ओलीचा हवा. जास्त झाली की आत वाफ कोंडते आणि कांडी फटाक्यासारखी फुटून बाहेर येते. फार कोरडा असला तर बांधत नाही, तडे जातात. मीटर असतो, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका. १०० ग्रॅम नमुना घ्या, १०५ अंशाच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. ८८ ग्रॅम उरला तर ओल १२ टक्के. गाडीच्या वरच्या थरातला नमुना घेऊ नका, हात मालाच्या पोटापर्यंत आत घाला. पुरवठादाराचं कसब सगळं वरच्या थरात असतं.

हिशेबही करून बघा. कोरड्या मालाचा उष्मांक ४,३०० धरा. १० टक्के ओलीत कामाची उष्णता ३,८०० च्या आसपास उरते, २५ टक्के ओलीत ती ३,१०० च्याही खाली जाते, कारण आधी ते पाणीच उकळावं लागतं. वर पाण्यालाही भुशाचाच भाव मोजलेला असतो.

माझ्या मामांच्या गुऱ्हाळावरचा जळव्या हे सगळं कानानं करायचा. चिपाड चुलवाणात ढकलण्याआधी एक कांडं मोडायचा. कडाड वाजलं तर आत, नाहीतर परत उन्हात. लहानपणी मला ती त्याची लकब वाटायची.

कच्च्या मालाबद्दल माझं मत थोडं तिरकं आहे. कोल्हापूर जिल्हा उसाचा, त्यामुळे नवखा माणूस आधी बगॅसकडे धावतो. पण साखर कारखाने स्वतःच त्यावर वीज करतात, म्हणून बगॅसच्या भावाचा भरवसा नाही. पाचटाच्या मागे तर लागूच नका. त्यात पोटॅश आणि क्लोरीन जास्त, बॉयलरच्या जाळीवर राखेचे दगडासारखे क्लिंकर धरतात. ते शेतातच कुजलेलं बरं, जाळण्यापेक्षा तर नक्कीच. भाताचं तूस गगनबावडा-राधानगरीकडं मिळतं, पण त्यात राख २० टक्क्यांच्या घरात आणि त्या राखेत बहुतेक सिलिका, म्हणजे डाय आणि रॅम कानसीनं घासल्यासारखे झिजतात. टिंबर मार्केटचा भुसा मला अजूनही सगळ्यात आवडतो. पावसाळ्याचा साठा मे महिन्यात शेडखाली आला पाहिजे, जूनमध्ये घेतलेला माल म्हणजे पाणीच.

विक्रीत मी केलेला गाढवपणाही सांगतो. शिरोली एमआयडीसीत एवढ्या फाउंड्री, म्हटलं गिऱ्हाईक दारातच! एका मालकानं पाणी पाजलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कपोलात लोखंड वितळवायचंय मर्दा, चहा ठेवायचा नाही." कपोला भट्टीला कडक कोक लागतो. तो तापही देतो आणि वरच्या लोखंडाचा भारही पेलतो. ब्रिकेट तिथं कोसळेल. आपलं गिऱ्हाईक म्हणजे वाफ लागणारे: कापड प्रोसेसिंग, सायझिंग, डेअरी, खाद्यपदार्थ. त्यांच्याशी किलोच्या भावावर बोलू नका, एक टन वाफ किती रुपयांत पडते त्यावर बोला.

शिकायचं म्हणाल तर बॉयलर अटेंडंटची परीक्षा द्या. इंजिनिअर असाल तर पुढं एनर्जी ऑडिटरची राष्ट्रीय परीक्षाही आहे. मास्क पहिल्या दिवसापासून लावा, भुशाची धूळ छातीत बसते आणि हवेत दाटली तर ठिणगीनं पेटतेही.

आणि माल दिलेल्या बॉयलरवर एक रात्रपाळी काढाच. मी अजून काढतो. तेच फायरमन मामा राखेच्या घमेल्यात सळई फिरवतात, काळे न जळलेले तुकडे बाजूला काढून माझ्यापुढं रांगेत मांडतात आणि विचारतात, "ह्यो कुठल्या गाडीचा?"