खाटेशेजारची प्रोकॅल्सिटोनिन चाचणी: छोटा फ्लुओरेसन्स रीडर कसा वापरावा

रक्तात जंतुसंसर्ग झाल्याची शंका आली की ब्लड कल्चर (बाटलीत रक्त ठेवून त्यातील जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) लावले जाते, पण बाटलीत जंतू वाढून यंत्राने इशारा देईपर्यंत बहुधा एक-दोन दिवस जातात. प्रौढ रुग्णाच्या एक मिलिलिटर रक्तात पुष्कळदा दहाहूनही कमी जंतू असतात, त्यामुळे ते लहान यंत्राने थेट टिपणे फार अवघड आहे. खाटेशेजारी ठेवलेला रीडर म्हणूनच जंतू शोधत नाही. जंतूंमुळे शरीरात वाढणारे प्रोकॅल्सिटोनिन हे प्रथिन तो मोजतो. रीडर हाताळणाऱ्या प्रत्येकाने हा फरक आधी समजून घ्यावा, कारण आकड्याचा अर्थ लावताना होणाऱ्या बहुतेक चुका तो विसरल्यामुळे होतात.

पहिले काम कल्चरचे. अल्कोहोलमिश्रित क्लोरहेक्सिडिनने त्वचा पुसावी, ती पूर्ण वाळू द्यावी, आणि दोन वेगवेगळ्या जागांहून रक्त घेऊन प्रौढांच्या प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर भरावे. बाटल्या भरून झाल्यावरच या चाचणीसाठी जांभळ्या टोपणाची ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन असलेली) नळी भरावी. नळी आधी भरली, तर तिच्यावरचे जंतू कल्चरमध्ये जाऊ शकतात. नळी आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट करावी. ती जोरात हलवली तर तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांचा रंग प्रकाशाच्या मोजणीत अडथळा आणतो. हिरव्या टोपणाची हेपॅरिन नळी किंवा बोटातून घेतलेले रक्त चालते का, हे प्रत्येक किटचे वेगळे असते, तेव्हा सोबतचा माहितीपत्रक-कागद वाचूनच ठरवावे.

रक्त ज्यात घालून रीडरमध्ये वाचतात त्या छोट्या डबीला कॅसेट म्हणतात. तिच्या आतील पट्टीवर प्रतिपिंडांची, म्हणजे प्रोकॅल्सिटोनिनला पकडून ठेवणाऱ्या प्रथिनांची, एक रेषा असते. नमुन्यातील प्रोकॅल्सिटोनिनला आधी चमकणारे कण जोडले जातात, मग ते पट्टीवरून सरकत जाऊन या रेषेवर अडकते, आणि रीडर तिथली चमक मोजून तिचा आकडा करतो. काही किटांत युरोपियमचे कण असतात. त्यांच्यावर अतिनील प्रकाश टाकला की सुमारे ६१५ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश निघतो, आणि तो रक्तातील इतर प्रथिनांच्या चकाकीपेक्षा जास्त वेळ टिकत असल्याने दिवा विझल्यानंतर मोजता येतो.

कॅसेट फ्रिजमधून काढल्यास ती पाकिटातच अर्धा तास टेबलावर राहू द्यावी. पावसाळ्यात थंड पाकीट लगेच फोडले, तर हवेतील ओल पट्टीवर धरते. एका रात्री घाईत मी नेमके हेच केले. पट्टीवर रक्ताचा तांबडा ओघळ तिरपा पसरला, कंट्रोल रेषा (चाचणी नीट चालली की नाही हे दाखवणारी रेषा) फिकट आली आणि आकडा अगदी कमी दिसला. सामान्य तापमानाला आलेल्या दुसऱ्या कॅसेटवर त्याच नळीतील रक्त घातले, तेव्हा तो कितीतरी पटींनी जास्त निघाला. तेव्हापासून मी आकड्याच्या आधी कंट्रोल रेषा आणि पट्टीवरील ओघ पाहते. त्यांतले एक जरी बिघडलेले असेल, तर तो आकडा केसपेपरवर चढवत नाही.

कॅसेटवरील लॉट क्रमांक (ती ज्या खेपेत बनली तिचा क्रमांक) आणि त्या खेपेची माहिती देणाऱ्या, रीडरमध्ये घातलेल्या चिपचा क्रमांक जुळतो का, हे रक्त घालण्याआधी पाहावे. पिपेटने नेमके माप घ्यावे, बुडबुडा येऊ देऊ नये, आणि रीडर सपाट जागी, थेट उन्हापासून दूर ठेवावा. किटने जितकी मिनिटे सांगितली असतील, तितकीच मोजावीत. नातेवाईक दाराशी उभे असतात, त्यांची तगमग समजते, तरीही लवकर वाचलेला आकडा खोटाच असतो.

प्रौढांमध्ये प्रति मिलिलिटर ०.५ नॅनोग्रॅमपेक्षा कमी पातळी असेल तर सर्वदूर जिवाणुसंसर्गाची शक्यता कमी मानतात. २ च्या वर ती बरीच वाढते, आणि १० च्या वर तीव्र सेप्सिसचा (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याचा) विचार करावा लागतो. मात्र संसर्गानंतरच्या पहिल्या काही तासांत पातळी चढलेलीच नसते. एकाच जागी कोंडलेल्या गळवातही ती कमी राहू शकते. उलट मोठी शस्त्रक्रिया, भाजणे, गंभीर अपघात आणि मूत्रपिंड निकामी होणे यांत ती रक्तात जंतू नसतानाही वाढते, आणि फॅल्सिपारम या मलेरियाच्या घातक प्रकाराच्या तीव्र रुग्णांतही ती चढलेली दिसते. नवजात बाळात पहिले दोन दिवस ती नैसर्गिकपणेच जास्त असते, तेव्हा तिथे प्रौढांची मोजपट्टी लावू नये.

रुग्णाचा रक्तदाब पडलेला असेल आणि सेप्सिसची शंका असेल, तर अँटिबायोटिक एका तासाच्या आत सुरू व्हायला हवे. त्यासाठी रीडरची वाट पाहू नये, आणि आकडा कमी आला म्हणून ते रोखूही नये. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय सेप्सिस मार्गदर्शक सूचनांतही औषध सुरू करण्याचा निर्णय प्रोकॅल्सिटोनिनवर न सोपवता रुग्णाच्या तपासणीवरून घ्यावा असे सुचवले आहे.

या चाचणीचा खरा उपयोग पुढच्या दिवसांत होतो. उपचार लागू पडत असेल, तर पातळी साधारण रोज निम्म्यावर येते. म्हणून दर वेळी त्याच रीडरवर, त्याच प्रकारच्या नमुन्यावर चाचणी करावी, आणि आकड्यासोबत रक्त घेतल्याची वेळ व लॉट क्रमांक लिहावा. सर्वोच्च पातळीपासून ८० टक्के किंवा अधिक घट झाली, अथवा ती ०.५ च्या खाली आली, आणि रुग्णही सावरत असेल, तर अँटिबायोटिक थांबवायचे का हा प्रश्न राउंडच्या वेळी डॉक्टरांपुढे आवर्जून मांडावा.