श्रेयनामावलीत नसलेल्या माणसावर पॉडकास्ट कसा करावा

आधी विषय नको, माणूस निवडा. ‘हिंदी चित्रपटसंगीतातले गोवेकर’ यावर दोन तास बोललात तरी ऐकणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. त्यापेक्षा अँथनी गोन्साल्विस घ्या. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे हे नाव वरातीतही वाजतं, पण ते खऱ्या माणसाचं आहे हे किती जणांना ठाऊक असतं? १९२७ साली गोव्यात माजोर्ड्याला जन्म, मुंबईत व्हायोलिनवादक आणि अरेंजर, म्हणजे चालीवरून प्रत्येक वाद्याने काय वाजवायचं ते लिहून देणारा. या चित्रपटाला संगीत देणाऱ्या लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. गाण्यातलं नाव ही शिष्याची गुरुदक्षिणा.

मग एकच प्रश्न धरा. संगीतकाराने चाल बांधली, पण ती एवढ्या वादकांसाठी कागदावर कोण उतरवायचं? उत्तर शोधत गोव्यातल्या चर्चच्या शाळांपर्यंत जावं लागतं. तिथे पोरं नोटेशन (कागदावर लिहिलेले सूर) वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकत. हीच पोरं पुढे मुंबईत धोबीतलावच्या कूडांमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या उतरायच्या क्लबांमध्ये, उतरली, स्टुडिओत कामाला लागली. पडद्यावर ठळक नाव मात्र संगीतकाराचं.

खरी मेहनत मुलाखतीत. ‘त्या काळाबद्दल सांगा’ म्हणालात तर ‘तो काळच वेगळा होता’ एवढंच मिळेल. ‘माइकच्या सगळ्यांत जवळ कोण बसायचं?’ असं विचारा. जुना फोटो, पिवळी पडलेली नोटेशनची वही समोर ठेवा. कागदावरून बोट फिरायला लागलं की माणूस बोलतो. आणि पंखा बंद करायला सांगा. मी भिडेखातर गप्प बसलो आणि एका वृद्ध वादकाची तासाभराची मुलाखत घरघरीत गेली. निघताना अर्धा मिनिट रिकाम्या खोलीचा आवाजही घ्या, एडिटिंगमध्ये सांधे झाकायला तोच कामी येतो.

सांगितलेली सालं चित्रपटाच्या प्रदर्शनाशी ताडून पाहा. आठवणी प्रामाणिक असतात, पण पाच-दहा वर्षं सहज इकडेतिकडे होतात.

हक्कांचं आधीच बघा. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो; शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, ते कर्त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं चालतात. म्हणजे तबकडी मोकळी झाली तरी गाणं मोकळं झालेलं नसतं.

शेवटी, गाण्याचा तुकडा दोनदा वाजवा. आधी नुसता. मग गायिकेच्या मागे व्हायोलिनं काय करताहेत ते गुणगुणून दाखवा, आणि पुन्हा लावा. त्यानंतर दहा सेकंद तरी तुम्ही बोलू नका.