जेल पॉलिश लावताना आणि मुख्य म्हणजे काढताना या चुका टाळा

बहिणीच्या लग्नात मी पहिल्यांदा जेल पॉलिश लावलं, मरून रंगाचं, दोन आठवडे नखं नुसती काचेसारखी चमकत होती. तिसऱ्या आठवड्यात अंगठ्याच्या कडेला जरासं सुटलं आणि बसमध्ये बसल्या बसल्या मी ते दुसऱ्या नखाने उचकटत राहिले, अख्खा पापुद्रा हातात आला तेव्हा बरंच वाटलं. घरी येऊन उजेडात बघितलं तर त्या पापुद्र्याच्या आतल्या बाजूला पांढरट पातळ थर चिकटलेला, तो माझ्या नखाचा होता. नंतर कितीतरी दिवस लिंबू पिळलं की झोंबायचं, गरम कप धरला की चटका बसायचा, साधं बटण लावताना नख मागे वाकायचं. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, म्हणजे खराब झालेला भाग पूर्ण पुढे जाऊन कापला जायला 4 ते 6 महिने लागतात, त्यावर कुठलंही तेल किंवा क्रीम लावून ते लवकर होत नाही.

म्हणून आधी काढण्याबद्दलच सांगते, लावायचं नंतर.

साध्या रिमूवरने जेल का निघत नाही हे एकदा समजलं की निम्म्या चुका होतच नाहीत. साधं नेलपॉलिश हवेत वाळतं आणि रिमूवर लावलं की परत विरघळतं. जेल वाळत नाही, लॅम्पच्या प्रकाशात त्यातले रेणू एकमेकांना जोडले जाऊन जाळी तयार होते, ती विरघळत नाही. ॲसिटोन फक्त त्या जाळीत शिरून तिला फुगवतं आणि नखापासून सोडवतं, आणि त्याला वेळ लागतो, बास. ॲसिटोन-फ्री रिमूवरने अर्धा तास घासत बसलात तरी नखाभोवतीची कातडीच सोलवटेल.

पहिली चूक म्हणजे वरचा टॉप कोट न घासता डायरेक्ट भिजवणं. फायलरने चमक जाईपर्यंत हलकं घासायचं, रंग अजून दिसत असतानाच थांबायचं, सगळा रंग घासून काढायच्या नादात खालचं नख कधी घासलं गेलं ते कळत नाही. मग नखाभोवतीच्या कातडीला व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा (नखावर नको), नखाएवढाच कापूस शुद्ध ॲसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवा आणि फॉईल घट्ट गुंडाळा. 10 ते 15 मिनिटं. दर दोन मिनिटांनी उघडून बघू नका, ॲसिटोन लगेच उडून जातं आणि मग तुम्ही म्हणता की निघतच नाहीये. वेळ झाला की पॉलिशला सुरकुत्या पडून ते सुटलेलं दिसतं, तेव्हा लाकडी काडीने मुळाकडून टोकाकडे हलकेच ढकला. एखाद्या बोटाचं अडलं तर परत 5 मिनिटं गुंडाळा. सुरी, ब्लेड, लोखंडी पुशर, दात, काहीही नको.

आणि हे फार मनापासून सांगते, ॲसिटोन पेट्रोलसारखं भडकतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, खालून पसरत जाते, म्हणून किचनमध्ये गॅसजवळ, देवासमोर समई किंवा उदबत्ती चालू असताना हे काम करूच नका, खिडकी उघडी ठेवा आणि ॲसिटोन कधीच गरम करू नका. थंडीत लवकर सुटत नसेल तर फॉईल गुंडाळलेल्या हाताभोवती कोमट टॉवेल धरा, तेवढं पुरतं. थर्माकोलची वाटी घेऊ नका, ती विरघळते, डायनिंग टेबलचं पॉलिशही जातं.

इतकं करूनही काहीच सुटत नसेल तर बहुतेक ते हार्ड जेल असेल, ते भिजवून निघतच नाही, घासूनच काढावं लागतं आणि ते काम सराव असलेल्या हातानेच करायचं. म्हणून पार्लरमध्ये ताईंना लावतानाच विचारा की हे भिजवून निघणारं आहे का, आणि बाटलीचा फोटो काढून ठेवा.

आता लावताना. दोन-तीन दिवसांत कडा सुटतात त्याचं कारण बहुतेक वेळा नखावर राहिलेलं तेल किंवा पाणी असतं. आधी पाण्यात हात भिजवून मॅनिक्युअर केलं की नख पाणी पिऊन फुगतं, नंतर सुकून आकसतं आणि वरचं जेल सुटतं. नखं कोरडी ठेवा, स्पिरिटने पुसा, थर पातळ लावा. जाड थर लॅम्पमध्ये एकदम तापतो, चटका बसला तर सहन करत बसू नका, हात लगेच बाहेर काढा. हाताला आधी सनस्क्रीन किंवा बोटांची टोकं कापलेले ग्लोव्हज घाला कारण लॅम्पमध्ये अल्ट्राव्हायोलेट किरणं असतात.

पण लावताना सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कातडीला जेल लागणं आणि ते तसंच लॅम्पखाली धरणं, किंवा एका कंपनीचं जेल आणि भलताच लॅम्प. वरून कडक लागतं पण आत अर्धकच्चं राहतं, आणि हेच कच्चं रसायन, त्यातही हेमा नावाचं, ॲलर्जी करतं. युरोपियन युनियनने 2020 मध्येच हेमा असलेली नखांची प्रॉडक्ट फक्त व्यावसायिक वापरासाठी असा नियम केला. ही ॲलर्जी एकदा झाली की साधारण जन्मभर राहते, आणि याच कुटुंबातली रसायनं दातांच्या फिलिंगमध्ये, सांधेबदलाच्या सिमेंटमध्ये, शुगर मोजायच्या सेन्सरच्या चिकटपट्टीत असतात, त्यामुळे प्रश्न फक्त नखांपुरता राहत नाही. नखाभोवती खाज, लाली, बारीक फोड, कधी पापण्यांवर पुरळ (हात चेहऱ्याला लागतोच) असं दिसलं तर लगेच थांबा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. "पुढच्या वेळी दुसरा ब्रँड लावून बघू" हे करू नका.

टीपीओबद्दलही (लॅम्पच्या प्रकाशात जेल कडक व्हायला मदत करणारं, काही जेलमध्ये असलेलं रसायन) खूप घबराट झाली होती. 1 सप्टेंबर 2025 पासून युरोपियन युनियनमध्ये टीपीओ या घटकावर बंदी आहे, सगळ्या जेलवर नाही, नवीन बाटली घेताना टीपीओ-फ्री बघून घ्या म्हणजे झालं.

कड सुटली तर ती सुपर ग्लूने चिकटवायची नाही आणि त्यावर नवीन कोट पण नाही. आत पाणी साचतं, आपले हात दिवसभर भांडी, कपडे, कणीक यातच असतात, आणि तिथे स्यूडोमोनास नावाचे जिवाणू वाढून नख हिरवट होतं. तसं दिसलं तर सगळं काढून नख उघडं आणि कोरडं ठेवा, डॉक्टरांना दाखवा.

हळदीचं विसरलेच. फिकट गुलाबी किंवा न्यूड जेल लावून आमटी-भात कालवला की दुसऱ्या दिवशी नखं पिवळी. हळदीचा रंग उन्हात उडतो, थोडं ऊन लागू दिलं की बराच फिका पडतो, घासणीने घासून टॉप कोट घालवू नका. लग्नघरात तर हळद लागून झाल्यावरच जेल लावा.

आणि ऑपरेशन किंवा डिलिव्हरीची तारीख जवळ असेल तर आधीच काढून टाका. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र प्रकाश आरपार सोडून मोजतं आणि गडद पॉलिशमुळे आकडा चुकू शकतो, शिवाय नखं निळी पडतायत का हे डॉक्टरांना बघायचं असतं, आणि तिथे ऐनवेळी फॉईल गुंडाळून पंधरा मिनिटं थांबायला कोणालाच वेळ नसतो.