फ्लाय लॅबमध्ये पंखांवर प्रोजेक्ट मिळालाय? मग हे आधी वाचा

झुऑलॉजीवाली पोरं मला दरवर्षी विचारतात की ताई, फ्लाय लॅबमध्ये, म्हणजे फळमाशांवर संशोधन चालतं तिथं, प्रोजेक्ट मिळालाय, पंखांच्या जीन्सवर काम आहे, काय वाचून जाऊ. मी सांगते की वाच, पण पहिला आठवडा नुसत्या माशा बघण्यात घालव, कारण कोणता जीन कोणाला चालू करतो हे दाखवणारे पेपरमधले बाण पाठ असतात पण मायक्रोस्कोपखाली नॉर्मल पंख कसा दिसतो ते माहीत नसतं, आणि मग बिघडलेला पंख ओळखायचा कसा?

आधी एक घोळ मिटवू. फळमाशी म्हटलं की गावाकडं आंब्यात, पेरूत अळ्या सोडणारी माशी आठवते, ती वेगळी. आपली ड्रोसोफिला म्हणजे पिकलेल्या केळ्यांवर घिरट्या घालणारं चिलट, जेमतेम ३ मिलिमीटरचं. २५ डिग्रीला अंड्यापासून माशी व्हायला साधारण १० दिवस लागतात, १८ डिग्रीला जवळजवळ दुप्पट. हे दोन आकडे तुमचं सगळं टाइमटेबल ठरवतात, सुट्टीत घरी कधी जायचं तेसुद्धा.

नावांनी सुरुवातीला फार गोंधळ होतो. विंगलेस नावाचा जीन पंख घालवत असेल असं वाटतं, प्रत्यक्षात पंख बनायला तो लागतोच. फ्लायवाल्यांची पद्धत अशी की जीन बिघडल्यावर माशीत जे दिसतं ते जीनचं नाव. व्हेस्टिजियल बिघडला की पंखांचे खुंट उरतात, आणि नॉचच्या दोनपैकी एकच कॉपी चांगली असली की पंखाची कड कुरतडल्यासारखी दिसते. विंगलेसचा पहिला म्युटंट, म्हणजे हा जीन बिघडलेली माशी, तर आपल्या देशातला आहे, आर. पी. शर्मांनी तो १९७३ मध्ये नोंदवला आणि १९७६ मध्ये शर्मा आणि चोप्रांनी त्यावर सविस्तर पेपर लिहिला. पुढं १९८७ मध्ये कळलं की उंदराच्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये सापडलेला इंट-१ हा जीन आणि माशीचा विंगलेस म्हणजे एकाच जीनची दोन रूपं, आणि दोन्ही नावं जोडून विंट हे नाव तयार झालं. आज कॅन्सरच्या प्रत्येक पुस्तकात विंट आहे, मला याचा खरंच अभिमान वाटतो.

याच विंगलेस म्युटंटचा स्टॉक, म्हणजे लॅबमध्ये जोपासलेल्या माशा, पहिल्यांदा हातात आला तेव्हा मी तो फेकून द्यायला निघाले होते. एकाच व्हायलमध्ये, म्हणजे माशा वाढवायच्या छोट्या बाटलीत, काही माशांना दोन्ही पंख, काहींना एकच, काहींना एकही नाही, मला वाटलं दुसऱ्या माशा मिसळल्या. सिनियरनं थांबवलं आणि म्हणाली की पंख नाही त्या जागी काय आहे ते बघ. बघितलं तर तिथं पाठीचाच तुकडा उलटा, आरशात दिसावा तसा पुन्हा बनला होता. म्हणजे तिथल्या पेशी मेल्या नव्हत्या, त्यांना पंख व्हा हा निरोप वेळेत मिळाला नाही म्हणून त्या पाठ झाल्या. आणि हा जीन पूर्ण काढला तर माशी जन्मतच नाही, भ्रूणातच मरते, कारण भ्रूणात त्याला वेगळंच काम असतं. म्हणून कोणी पंखाचा जीन म्हटलं की मी आधी विचारते, कोणत्या वेळेला?

आता पंख बनतो कसा ते. अळीच्या आत पंखाची घडी घातलेली पिशवी असते, तिला विंग डिस्क म्हणतात. सुरुवातीला जेमतेम ३०-५० पेशी असतात, अळीचं वय संपेपर्यंत ५०,००० च्या आसपास होतात. या पेशींमध्ये आधी दोन बांध पडतात, शेतात पडतात तसे. मागच्या अर्ध्या भागात एन्ग्रेल्ड हा जीन चालू असतो, तिथून हेजहॉग नावाचं निरोप नेणारं प्रोटीन पुढच्या भागाकडं जातं आणि बांधालगतच्या पट्टीत डीपीपी हे दुसरं प्रोटीन बनायला लागतं, ते दोन्हीकडं पसरत विरळ होत जातं आणि किती मिळालं त्यावरून पेशीला कळतं की आपण बांधापासून किती लांब, त्यावरून शिरांच्या जागा ठरायला मदत होते. दुसरा बांध वरच्या आणि खालच्या भागात, तो एपटेरस हा जीन पाडतो, त्या बांधावर नॉच चालू होतो आणि मग विंगलेस, तीच पुढं पंखाची कड. या सगळ्या निरोपांवरून मधल्या भागात व्हेस्टिजियल चालू होतो, आणि 'इथं पंख' हा शेवटचा शब्द त्याचा. १९९६ मध्ये दाखवलं गेलं की व्हेस्टिजियल डोळ्याच्या किंवा पायाच्या डिस्कमध्ये चालू केला तर तिथंही पंखाचा टिश्यू उगवतो. ते फोटो मी पहिल्यांदा बघितले त्या रात्री मला झोप आली नाही.

डिस्क काढणं हाताचं काम आहे, मला पहिली धड डिस्क मिळायला तीन दिवस लागले. व्हायलच्या भिंतीवर चढून फिरणारी जाड अळी घ्यायची, पीबीएसमध्ये (मिठाच्या बफर द्रावणात) मधोमध तोडायची आणि डोक्याकडचा भाग उशीचा अभ्रा उलटवतो तसा फोर्सेप्सवर उलटवायचा. मग चमकणारी श्वासनळी शोधा, तिच्या लगत विंग डिस्क, हॉल्टिअर (मागच्या पंखांच्या जागचे दांडे) डिस्क आणि तिसऱ्या पायाची डिस्क जवळजवळ बसलेल्या असतात. चरबी ओढून काढायची घाई करू नका, तिच्यासोबत डिस्क जातात.

माझं सगळ्यात मोठं नुकसान टेम्परेचरनं केलं. कर्ली हा मार्कर, म्हणजे नुसतं बघून ओळखायची खूण असते, पंख वर वळलेले म्हणजे बॅलन्सर (म्युटेशन पिढ्यानपिढ्या टिकवून ठेवणारा खास क्रोमोसोम) आहे, सरळ म्हणजे नाही, इतकं सोपं. मी सुट्टीवर जाताना क्रॉस, म्हणजे निवडक नर-माद्या एकत्र केलेली व्हायल, १८ डिग्रीला ठेवला, परत येऊन सरळ पंखांच्या माशा निवडल्या, पुढचा क्रॉस लावला आणि दीड महिन्यानं रिझल्टचा काही मेळच बसेना. थंडीत कर्लीचे पंख नीट वळत नाहीत, कर्ली माशीसुद्धा साधीच दिसते. हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं, तुम्ही विचारा. गॅल४, म्हणजे हवा तो जीन हव्या त्या जागी चालू करायचं साधन, त्याचंही तसंच आहे, २९ डिग्रीला जोरात चालतो आणि १८ ला मंद, म्हणून व्हायलवर तारखेसोबत टेम्परेचरही लिहायचं. व्हर्जिन, म्हणजे नराशी अजून न जुळलेल्या, माद्यांचंही लक्षात ठेवा, जन्मल्यावर २५ ला साधारण ८ तासांच्या आत वेगळ्या करायच्या, म्हणजे सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा लॅबमध्ये यावं लागतं, सणवार धरून.

हॉल्टिअरवर काम मिळालं तर सोडू नका. माशीला दोनच पंख, मागच्या जोडीच्या जागी तोल सांभाळणारे दोन छोटे दांडे असतात, आणि फरक करणारा मुख्य जीन अल्ट्राबायथोरॅक्स. तिथं त्याचं काम बंद पाडून एडवर्ड लुईस यांनी चार पंखांची माशी मिळवली, १९९५ च्या नोबेलमध्ये ते होते. आपल्याकडं एल. एस. शशिधरा या शास्त्रज्ञांनी आधी हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत आणि मग पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत याच प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं. पुण्यात शिकत असाल तर आयसरमधली सेमिनार्स चुकवू नका.

लॅबला मेल लिहिताना आय एम पॅशनेट वगैरे लिहू नका, स्वतःचा एक प्रश्न लिहा. मी भंडाऱ्याची, आमच्याकडं धानावर तुडतुडा पडला की बांधीच्या बांधी जळाल्यासारखी दिसते, आणि त्या तुडतुड्यांत काही आखूड पंखांचे असतात, काही लांब पंखांचे, जे उडून दुसरीकडं जातात. २०१५ मध्ये दाखवलं गेलं की हे ठरवतात ते इन्सुलिनचा निरोप पकडणारे दोन रिसेप्टर, पहिला चालला तर लांब, दुसऱ्यानं त्याला दाबलं तर आखूड. मी मेलमध्ये एवढंच लिहिलं, की हा निरोप पंखाच्या पिशवीत पोचल्यावर व्हेस्टिजियलचं काय होतं ते मला बघायचंय. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, सोमवारी ये.