जठराचा कॅन्सर आणि लष्करी सेवेतला किरणोत्सर्ग : व्हीएकडे दावा करताना या चुका टाळा

अणुचाचणीच्या ठिकाणी सेवा केलेल्या अमेरिकी सैनिकाला जठराचा कॅन्सर निघाला, की घरचे आधी एकच शोधू लागतात: त्याला किरणोत्सर्गाचा डोस किती मिळाला होता? पहिली चूक तिथेच होते. व्हीएकडे, म्हणजे अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याकडे, जायला दोन वाटा आहेत आणि डोसचा हिशेब लागतो तो दुसऱ्या वाटेवर.

वाट चुकणं

पहिल्या वाटेवर जठराच्या कॅन्सरचा सेवेशी संबंध कायद्यानेच गृहीत धरलेला आहे. वातावरणातल्या अणुचाचणीच्या जागी हजर असलेले, चाचणीनंतर सहा महिन्यांच्या आत तिथे सफाईच्या कामावर गेलेले, ६ ऑगस्ट १९४५ ते १ जुलै १९४६ या काळात हिरोशिमा-नागासाकीच्या ताबा-फौजेत असलेले सैनिक यात येतात. २०२२ च्या पॅक्ट कायद्याने आणखी तीन ठिकाणं जोडली: पॅसिफिकमधल्या एनेवेटाक या जुन्या अणुचाचणी-बेटांची सफाई (१ जानेवारी १९७७ ते ३१ डिसेंबर १९८०), आणि अणुबॉम्ब नेणारी अमेरिकी विमानं जिथे कोसळली ती दोन ठिकाणं,, स्पेनमधलं पालोमारेस (१७ जानेवारी १९६६ ते ३१ मार्च १९६७) आणि ग्रीनलंडमधलं थुले (२१ जानेवारी ते २५ सप्टेंबर १९६८). इथे दाखवायचं एवढंच, की माणूस त्या तारखांना तिथे होता आणि कॅन्सर जठरातच सुरू झाला.

एनेवेटाकच्या कुणाचा दावा २०२२ आधी फेटाळला गेला असेल, तर ते जुनं पत्र शेवटचं समजू नका. कायदा बदलला आहे. फॉर्म २०-०९९५ भरून पूरक दावा करा.

पाणबुडीतली अणुभट्टी, एक्स-रे विभाग, अण्वस्त्रांची देखभाल ही कामं दुसऱ्या वाटेची. संपर्कानंतर किमान पाच वर्षांनी आजार दिसायला हवा, आणि डोसचा अंदाज लागतो. त्यासाठी डोसची नोंद असलेला डीडी फॉर्म ११४१ मागवा. शर्टाला लावायचा फिल्म बॅज फक्त बाहेरून अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजतो. नाकातोंडावाटे आत गेलेली धूळ त्याला कळत नाही. म्हणून बॅजवर शून्य असलं तरी काय साफ केलं, किती दिवस, मास्क होता का, हे लेखी द्या.

‘पोटाचा कॅन्सर’ एवढंच लिहिणं

बायोप्सीचा अहवाल जोडा. कॅन्सर दुसऱ्या अवयवात सुरू होऊन जठरात पसरला असेल, तर जठराच्या नावावर केलेला दावा टिकत नाही. मूळ अवयव पहिल्या वाटेच्या कायद्यातल्या यादीत आहे का ते पाहा. अन्ननलिका आणि स्वादुपिंड आहेत. मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं ‘हृदय बंद पडलं’ असेल, तर पत्नीने फॉर्म २१पी-५३४ईझेड या वारसांच्या अर्जासोबत हॉस्पिटलचे कागद जोडावेत आणि डॉक्टरांकडून दाखल्यात मूळ कारण लिहून घ्यायचा प्रयत्न करावा.

‘रेकॉर्ड जळालं’ म्हणून थांबणं

सेंट लुईसच्या अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ रोजी लागलेल्या आगीत १ जानेवारी १९६० पूर्वी भूदलातून (आर्मीतून) सेवामुक्त झालेल्यांच्या सुमारे ८० टक्के फायली गेल्या. त्यासाठी एनए फॉर्म १३०५५ आहे. त्यात तुकडी, जहाज आणि महिना नेमका लिहा. नुसतं ‘पॅसिफिकमध्ये होतो’ लिहिलं तर शोध पुढे सरकत नाही. जहाजाची रोजनिशी आणि बदलीचे हुकूम वेगळे ठेवलेले असतात.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. गुप्ततेची शपथ घेतलेले कितीतरी म्हातारे सैनिक आजही बायकोमुलांपाशी बोलत नाहीत. ते बंधन १९९६ सालीच उठलं, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

डॉक्टरांचं मोघम पत्र

आजाराचा सेवेशी संबंध सांगणारं पत्र द्यायची वेळ अमेरिकेत प्रॅक्टिस करणाऱ्या मराठी डॉक्टरांवरही येऊ शकते. ‘संबंध असू शकतो’ याला वजन नाही. ‘किमान ५० टक्के शक्यता आहे’ असं स्पष्ट मत हवं आणि त्यामागे कारणं हवीत: डोस, संपर्काच्या वेळचं वय, मधली वर्षं. हेलिकोबॅक्टर पायलोरी (जठरातला जिवाणू) आणि सिगारेट हे मुद्दे टाळू नका. पत्रात ते नसले, की व्हीएचा डॉक्टर तेच पुढे करतो.

तारीख हातची घालवणं

कागद गोळा होईपर्यंत थांबू नका. आधी फॉर्म २१-०९६६, म्हणजे दावा करणार असल्याची सूचना, द्या. पुढच्या वर्षभरात पूर्ण दावा केलात तर भरपाईसाठी हीच आधीची तारीख धरली जाते.

मंजुरीनंतर उपचार चालू असेपर्यंत १०० टक्के अपंगत्व धरतात. उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी तपासणी होते, आणि ती चुकवली तर दर खाली येऊ शकतो. जठर काढलं असेल तर घटलेलं वजन, जेवणानंतरची चक्कर-जुलाब आणि रक्तक्षय यांची नोंद तारखेनिशी वहीत ठेवा आणि ती वही तपासणीला सोबत न्या.