जुन्या गाडीला शोभेल असा टायर निवडताना: साताऱ्यातल्या कामातून शिकलेलं

जुन्या गाड्या पुन्हा रस्त्यावर आणण्याचं काम शिकायला आयटीआयची, डिप्लोमाची मुलंमुली येतात तेव्हा इंजिनाबद्दल आणि रंगाबद्दल भरभरून विचारतात. टायरचा विषय निघतो शेवटी, मालकाचे पैसे संपत आल्यावर. माझं सांगणं असं, की तो पहिल्या आठवड्यातच काढा. टायर ठरल्याशिवाय रिमचा निर्णय होत नाही आणि अलाइनमेंट करूनही उपयोग नसतो.

सुरुवात नंबर वाचण्यापासून करा. फियाट ११०० आणि पुढे पद्मिनीला ५.२०-१४, अँबॅसडरला ५.९०-१५, स्टँडर्ड हेराल्डला ५.२०-१३, जुन्या जीपला ६.००-१६. पहिला आकडा टायरची रुंदी इंचात, दुसरा रिमचा व्यास इंचात. बाजूची उंची यात वेगळी लिहिलेली नसते, कारण त्या काळी टायर उंचच असायचे, उंची जवळपास रुंदीइतकी. आजच्या १६५/६५ आर १४ मध्ये १६५ ही रुंदी मिमीत, मधला ६५ म्हणजे उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल (त्याबद्दल पुढे) आणि १४ रिमचा व्यास इंचात. घोळ इथेच होतो. रिम १४ चा म्हणून हा टायर पद्मिनीला चढतो, पण त्याचा बाहेरचा व्यास साधारण ५७० मिमी भरतो. मूळ उंचीच्या जवळ जाणाऱ्या १५५/८० आर १४ चा भरतो ६०४ मिमी. म्हणजे १६५/६५ लावला की गाडी खाली बसते, मडगार्डखाली पोकळी दिसते, इंजिन त्याच वेगाला जास्त फिरतं आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा पाच-सहा टक्के जास्त दाखवतो. मूळ स्टेपनी हाती लागली तर सोनंच समजा. तिच्यात हवा भरा, खडूने खूण करा, फरशीवर एक फेरा फिरवा आणि टेपने अंतर मोजा. नवीन टायर त्या मापाच्या जितका जवळ, तितकी निवड बरोबर.

आपल्या भागात एक मोह हमखास समोर येतो. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकालाही ६.००-१६ हाच नंबर मिळतो, आणि उसाच्या पट्ट्यात तो टायर सहज मिळतो. दिसायलाही जुना वाटतो, म्हणून जीपला लावावासा वाटतो. लावू नका. शेतीच्या टायरवर वेगाची खूण ए६ किंवा ए८ अशी असते. ए८ म्हणजे ताशी ४० किमी. शेतात सरळ चालण्यासाठी त्याला लांब उभ्या धारा दिलेल्या असतात. महामार्गावरचा वेग आणि ब्रेक त्याच्यासाठी नाहीत. युद्धकाळातल्या विलीज जीपची नक्षी वेगळी होती, दोन्ही दिशांना सारखी पकडणारी, आडव्या ठोकळ्यांची. त्या नक्षीचे टायर शोधले तर मिळतात. जीपच्याच बाबतीत आणखी एक, आणि हे कधीही विसरू नका: काही लष्करी जीपचे रिम दोन तुकड्यांचे, नटबोल्टने जोडलेले असतात. व्हॉल्व्ह काढून हवा पूर्ण सोडल्याशिवाय त्या नटांना पाना लावायचा नाही. आत हवा असताना तो रिम सुटला तर माणूस जातो.

आता नायलॉन की रेडियल? दुकानदार ज्याला नायलॉन म्हणतात त्यात धाग्यांचे थर एकमेकांवर तिरके असतात. रेडियलमध्ये धागे एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरळ आडवे जातात आणि वर नक्षीखाली पट्टा असतो. मिशेलिनने रेडियलचं पेटंट १९४६ मध्ये घेतलं, पण भारतात जेके टायर कंपनीने तो बनवायला सुरुवात केली १९७७ मध्ये. त्यामुळे साठच्या दशकातली फियाट नायलॉनवरच मूळ रूपात दिसते. फक्त दिसण्याचा प्रश्न नाही हा. त्या गाडीचं सस्पेन्शन तिरक्या थरांच्या टायरसाठी आखलेलं आहे. तो टायर वळणावर हळूहळू सरकतो आणि चालवणाऱ्याला आधी कळवतो. रेडियल जास्त धरून ठेवतो, पण सुटतो तेव्हा पटकन सुटतो, आणि तो जास्तीचा ताण जुन्या पत्र्याच्या रिमवर येतो. म्हणून रेडियल लावायचा ठरला तर बोल्टच्या भोकांभोवती चिरा आहेत का हे आधी पाहा.

तरी मी हट्टाने नायलॉन सुचवत नाही. गाडी कुठे आणि किती चालणार हे मालकाला विचारा. प्रदर्शनात आणि रविवारी गावातल्या गावात फिरणार असेल तर नायलॉन. पावसाळ्यात यवतेश्वर घाटातून कासला, नाहीतर खंबाटकीतून पुण्याला जाणार असेल, तर पूर्ण उंचीचा अरुंद रेडियलच द्या. ओल्या रस्त्यावर ड्रम ब्रेकच्या गाडीला तो आधार लागतो. रुंद टायरचा मोह टाळा. पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी राजवाड्याजवळच्या गर्दीत वळवताना हात भरून येतात. एका ॲक्सलवर दोन जातींचे टायर कधीच नकोत. नाइलाजाने मिसळायचेच तर रेडियल मागे, पुढे कधीच नाही.

ट्यूबचं थोडक्यात. जुन्या रिमला टायरची कड अडवणारा उंचवटा नसतो, म्हणून ट्यूब टाकाच, आणि रेडियलमध्ये रेडियलचीच ट्यूब.

नक्षी जुनी हवी, रबर मात्र ताजं हवं. टायरच्या बाजूवर चार आकडे सापडतील: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे. गोदामात पडून राहिलेला, कधी न वापरलेला, कागद लावलेला टायर पाहून मन हरखतं. तो भिंतीवर टांगा, चाकावर नको. ऊन, हवा आणि वय रबराला आतून कडक करतात. नक्षी शाबूत असली तरी थर सुटतात. सहा वर्षांपुढचा टायर मी चालत्या गाडीला लावत नाही. रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला, तर मुळीच नाही.

एक गंमत नव्या मुलांना चकवते. नायलॉनवर आठवडाभर उभी राहिलेली गाडी सकाळी निघाली की धडधडते. टेकलेली बाजू चपटी झालेली असते. थोडं अंतर गेल्यावर टायर तापतो आणि धडधड थांबते. त्यासाठी लगेच बॅलन्सिंगला धावू नका.

पांढऱ्या पट्टीच्या टायरबद्दल विचारणा खूप होते. अमेरिकी गाडीला ती शोभते, तीही सालानुसार: पन्नासच्या दशकात रुंद पट्टी, १९६२ च्या सुमारास अरुंद. असे टायर परदेशातल्या मोजक्या कंपन्या बनवतात. जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरची आयात मर्यादित यादीत टाकली, त्यामुळे मालकाला पट्टीचं वचन देण्याआधी टायर हातात येईल का याची खात्री करा. पन्नास वर्षांपुढच्या गाडीची २०२१ च्या नियमांनुसार विंटेज नोंदणी करायची असेल, तर गाडी मूळ रूपात लागते, हेही त्याला सुरुवातीलाच सांगा.

शिकायचं कुठे? महामार्गालगतच्या टायरवाल्याकडे सुट्टीत बसा. हाताने लिव्हर लावून, ट्यूब न चिमटता टायर चढवणारी माणसं अजून तिथे आहेत. आणि योग्य मापाचा टायर सापडला की पाचही एकदम घ्या. या मापांचा माल थोडा-थोडाच येतो, आणि दोन वर्षांनी एकच टायर शोधायची वेळ आली तर तीच नक्षी मिळेलच असं नाही.